जाड पायाचा मोनोपॉड

साडूभाऊ, तुम्ही गेल्यावर तुमच्या जलदानाच्या कार्यक्रमाला मंडप पुरला नाही. रस्त्यावर सतरंज्या अंथराव्या लागल्या. मी पांढरा शर्ट घालून पाण्याचे ग्लास फिरवत होतो, डोळे पुसत होतो, आणि त्याच डोळ्यांनी माणसंही मोजत होतो. नांदेडची तर होतीच, पण कंधार, मुखेड, भोकर, कुठनं कुठनं आलेली. मनात आलं, इथंही गड्यानं आपल्याला मागं टाकलं. माझ्या वेळी लातुरातून एवढी निघतील का? शाळेतले दोन शिक्षक आजारी पडतील, मुख्याध्यापकांना मीटिंग असेल.

हसू नका. माणूस गेला म्हणून त्याचा हेवा लगेच जात नाही. आपल्यात तर तो लग्नातच आला होता, हार घालायच्या आधी. देवणीच्या आपल्या सासऱ्यांच्या, मामांच्या, दोन मुली. थोरली अक्का तुम्हाला दिली, धाकटी शोभा मला. तेव्हापासून मी जे काही करेन ते तुमच्या शेजारी ठेवून बघितलं जाणार, हे ठरून गेलं. मी स्कूटर घेतली तेव्हा तुमच्याकडं मोटारसायकल होती. मी मोटारसायकल घेतली तेव्हा तुम्ही म्हणालात, "मास्तर, आता चालायला पाहिजे, तब्येतीला बरं असतं," आणि सगळी सासुरवाडी तुमच्याकडं बघून मान डोलवायला लागली.

पण आज मी हेवा करायला बसलो नाही. भांडायला बसलोय. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती आणि मला तुम्ही सांगितली नाही. ती मला तुमच्या जलदानादिवशी एका परक्या माणसाकडून कळली. का सांगितली नाही, एवढंच विचारायचंय. तुम्ही उत्तर देणार नाही, हे ठाऊक आहे. जिवंत असतानाही सरळ उत्तर कधी दिलंत?

सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे माझा राग कुठून कुठं गेला ते तुम्हालाही कळेल.

तुम्ही पक्ष्यांचे फोटो काढायला लागलात म्हणून मला पक्षी आवडू लागले. त्याआधी मला कावळा आणि कोंबडी एवढेच ओळखू यायचे. तुम्ही ती हातभर लांब लेन्स घेतलीत, अक्का जिला तोफ म्हणायची. पुढच्याच दिवाळीत मीही तसलीच तोफ घेतली. शोभानं नुसतं विचारलं, "हे कशाला?" मी म्हणालो, "निसर्गासाठी." ती म्हणाली, "निसर्ग नांदेडला राहतो का?"

मग तो दुष्काळ आला. आमच्या लातुरात नळाला नुसती हवा यायची. रेल्वेनं पाणी यायला लागलं. ती रेल्वे माझ्या गावात आली, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभी राहिली, मी तिचे शेकडो फोटो काढले आणि पेपरात फोटो छापून आला तो तुमचा. तुम्ही नांदेडहून सकाळच्या एस्टीनं आला होतात, माझ्याकडं पोहे खाल्लेत, रेल्वेचे फोटो काढलेत आणि संध्याकाळी परत गेलात. त्या दिवशी तुमच्या पोह्यात शोभानं शेंगदाणे जास्त घातले होते, हेही मी विसरलेलो नाही.

त्याच उन्हाळ्यात तुमचा फोन आला. "मास्तर, नांदेडला या. मोनोपॉड घ्यायचा हाय. तुमच्याशिवाय कोण सांगनार?"

मी फुगलो. तुम्ही मला सल्ला मागितलात! आठवडाभर अभ्यास केला. तोफेसारखी जड लेन्स हातात धरून पाखरामागं फिरलं की दहा मिनिटांत दंड भरून येतात. तीन पायांचा ट्रायपॉड सोबत न्यावा तर तो उघडेपर्यंत पाखरू तेलंगणात. म्हणून हा एका पायाचा उपाय. कॅमेरा आणि लेन्स मिळून जेवढं वजन होतं त्याच्या किमान दुपटीचं पेलणारा असावा. त्याचे सांधे जितके कमी तितका तो कमी हलतो. उघडला की डोळ्यापर्यंत यावा, म्हणजे वाकावं लागत नाही. आणि लेन्सला जी कडी असते तिथं तो बसवायचा, कॅमेऱ्याच्या बुडाला नाही, नाहीतर सगळा भार पुढं झुकतो. हे सगळं मी पाठ करून आलो होतो, परीक्षेला आल्यासारखं.

वजिराबादेतल्या त्या दुकानात तुम्ही माझं एकही ऐकलं नाहीत.

दुकानदारानं कार्बनचा काढला. "साब, ये लेव. एकदम हलका. उंगली पे उठता."

"हलका नको," तुम्ही म्हणालात. "जाड पायाचा दाखवा."

"साडूभाऊ, कार्बनच घ्या," मी म्हणालो. "दिवसभर हातात धरायचाय."

"तुमी गप बसा हो मास्तर. अल्युमिनियमचा काढ रे बाबा. त्यो कोपऱ्यातला."

कोपऱ्यातला म्हणजे एखाद्या तंबूचा खांब होता. तुम्ही तो उघडलात, फरशीवर उभा केलात, दोन्ही तळहात त्याच्या माथ्यावर ठेवलेत आणि सगळा देह त्याच्यावर टाकलात. दुकानदार घाबरून उठला. "साब, क्यामेरा रखना है, के छत कू टेका देना है?"

"दोन्ही," तुम्ही म्हणालात आणि इतके मोठ्यानं हसलात की तोही हसला.

मग एकेक अट निघाली. पिळून घट्ट करायचे सांधे नकोत, अंगठ्यानं खटकन दाबायच्या खटक्याच पाहिजेत. खाली टोकदार खिळा नको, रुंद रबरी बूट पाहिजे. मी म्हणालो, "खिळा असला की मातीत रुततो, पक्का राहतो." तुम्ही म्हणालात, "अन् फरशीवर?" मी म्हणालो, "फरशीवर कोणता पक्षी बसतो?" तुम्ही म्हणालात, "कबुतर." आणखी एक अट होती, मिटवल्यावर तो कमरेएवढा राहिला पाहिजे. मी तिथंच हात टेकले. म्हटलं, मिटवल्यावर तो पिशवीत मावला पाहिजे, कमरेचा काय संबंध?

तुम्ही तो तंबूचा खांब घेऊनच बाहेर पडलात, टकटक करत, राजासारखे. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. माझी खात्री झाली की हा माणूस फोटोसाठी नाही, दिसण्यासाठी मोनोपॉड घेतोय. कार्बनचा घेतला असता तर पिशवीत गेला असता, मग मिरवणार काय?

लातूरला परत येऊन मी कार्बनचा घेतला. पाच सांध्यांचा. मिटवला की पेन्सिलीच्या डब्यात जाईल असा. आणि बोललो कुणाला नाही. म्हटलं, देवणीला सगळ्यांसमोर काढू.

देवणीला आपण सुट्टीत जमलो तेव्हा मामांच्या डोक्यात नवा जिल्हा होता. उदगीर जिल्हा होणार, देवणी त्यात जाणार, आता नक्की होणार. ते अंगणात बसून आल्यागेल्याला नकाशा काढून दाखवायचे. तुम्ही मला कोपरानं ढोसलंत. "मास्तर, तुमचं वतन गेलं की." माझ्याकडं तुमच्या वरचढ एवढी एकच गोष्ट होती, सासुरवाडी माझ्या जिल्ह्यात होती. मामांना कलेक्टर कचेरीचं काम निघालं की ते माझ्याकडं यायचे, तुमच्याकडं नाही. तीही सरकार काढून घेणार होतं. मी मामांना म्हणालो, "लातूर काय वाईट आहे?" मामा म्हणाले, "वाईट न्हाई, लांब हाय." तुम्ही तेवढ्यावर दिवसभर हसलात.

म्हणून मी त्याच दिवशी माझा मोनोपॉड काढला. सरसर पाच सांधे ओढले. सगळ्यांनी वा वा केलं. तुम्ही हातात घेतलात, डोळ्यांनी तोललात आणि म्हणालात, "छान हाय. मच्छरदानीला होईल."

झालं. कुणाचा पक्का, यावर वाद पेटला. लेन्स टांगून बघायची दोघांचीही छाती नव्हती. मामा म्हणाले, "कळशी टांगा की. भरलेली." मामांना कळशी म्हणजे वजन. मामींना त्या उन्हाळ्यात कळशी म्हणजे दोन दिवस. टँकर येईल तेव्हा येईल. मामी स्वयंपाकघरात होत्या, हे आपल्या तिघांच्या ध्यानात राहिलं नाही.

आधी तुमचा खांब. दोरी बांधली, कळशी लोंबवली, तुम्ही एका हातानं तो धरून उभे. हलला नाही. मग माझा. पाच सांध्यांतले चार मी पिळून घट्ट केले होते. पाचवा राहिला होता. माझा कार्बन कसलाही आवाज न करता हळूहळू बुटका होत गेला आणि कळशी अंगणात आडवी झाली. पाणी लिंबाच्या झाडाकडं जाईल असं वाटलं होतं, पण ते नालीकडं गेलं. कोंबड्या धावत आल्या. त्यांना एवढं कळालं, आपल्याला नाही.

मामी बाहेर आल्या. जावयाला तोंडावर बोलायची पद्धत नाही, म्हणून त्या शोभाला बोलल्या. "शोभे, जावईबापूंना इचार, आंगोळ करायची व्हती तर सांगायचं. अंगणाला कामून घातली?"

शोभा माझ्याकडं बघत म्हणाली, "ऐकलं का?"

"अन् थोरल्या जावयाचं बघ," मामी म्हणाल्या. "एक थेंब सांडला न्हाई."

तुम्ही त्या वेळी खाली बघत होतात. मला वाटलं, हसू दाबताय.

संध्याकाळी आपण तलावावर गेलो. तलाव कसला, भेगाळलेला चिखल, मधोमध डबकं आणि त्या डबक्याभोवती सगळ्या मुलखाची पाखरं गोळा झालेली. चित्रबलाक होते, शेकाटे होते, कुदळे होते. तुम्ही पुढं, खांब टेकत. मी मागं, कार्बन पाठीवर, पोट हातात. तुम्ही चारदा थांबलात. "थांबा मास्तर, उजेड बघू द्या." खांबावर हात ठेवून, मान वर करून, आभाळाकडं. मी धापा टाकत होतो आणि जळत होतो. मला वाटायचं, थांबावं तर असं थांबावं. मी थांबलो की लोकांना वाटतं याला दम लागला. हे थांबले की वाटतं काहीतरी बघतायत.

साडूभाऊ, त्या दिवशी तुम्ही उजेड बघत नव्हतात.

हे मला सांगितलं बिलोलीच्या डॉक्टरांनी. जलदानानंतर माणसं जेवायला बसली तेव्हा एक पांढऱ्या मिश्यांचा गृहस्थ तुमच्या खोलीच्या दाराआड उभा होता. तुमचा मोनोपॉड उलटा धरून त्याचा बूट निरखत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या साडूच्या वस्तूला हात लावणारा हा कोण?

"मी बिलोलीचा," ते म्हणाले. "जनावरांचा डॉक्टर होतो, आता रिटायर. दर रविवारी आम्ही संगं असायचो, फोटोला."

दर रविवारी. साडूभाऊ, दर रविवारी! मला महिना महिना फोन नाही, आणि बिलोलीच्या माणसाला दर रविवार? मी कसाबसा म्हणालो, "अच्छा, तुम्हीही फोटो काढता?"

"कुठलं हो. मी नुसता संगं. त्यांचा डावा पाय बधिर होता ना. साखरेनं. तळव्याला जाणच नव्हती. जमीन लागली का न्हाई हेच कळत नसायचं. पहिल्यांदा माझ्याकडंच दाखवायला आलते, म्हटलं मालक, मी बैलाचा डॉक्टर हाय. म्हणाले, म्हणूनच आलो, माणसांचा डॉक्टर घरी सांगतो." मग त्यांनी तो रबरी बूट माझ्यासमोर धरला. एका कडेनं तिरपा झिजून गेलेला. "हे बघा. काठी टेकल्यावानी झिजलाय."

नुसता कॅमेरा ठेवणाऱ्याचा बूट तळातून सपाट झिजतो. माझा तसाच झिजलाय. मला बघताक्षणी कळालं आणि कळालं तसं वजिराबादचं ते दुकान एकेक अट करून माझ्यासमोर आलं. जाड पाय. अंगठ्याचा खटका, कारण दुसरा हात भिंतीला. फरशीवर न घसरणारा बूट. मिटवल्यावर कमरेएवढा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुष्काळाच्या आधीपासून."

मी स्वयंपाकघरात गेलो. अक्का भिंतीला टेकून बसली होती, शोभा तिला बळेच वरण-भात भरवत होती. ही वेळ नव्हती, कळत होतं. तरी विचारलंच. "अक्का, तुम्हाला त्यांच्या पायाचं माहीत होतं?"

"माझा नवरा हाय," अक्का म्हणाली. "मला न्हाई तर कुणाला?"

"मामांना?"

"हाव."

"मामींना?"

"आईनंच त्यो रबरी बूट दोनदा बदलून घ्यायला लावला."

मी शोभाकडं बघितलं. ती भाताचे घास फार मन लावून कालवायला लागली. तीस वर्षांचा संसार आहे, मला तेवढ्यावर कळालं.

"तुलाही?"

"पहिल्यापासून न्हाई," ती म्हणाली. "कळशीच्या दिवशी कळलं. आईनं मला माजघरात नेऊन सांगितलं, तुझ्या मालकाला रागवायला लागलं, थोरले खाली पायाकडं बघत खांबाला धरून उभे व्हते, ते कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून."

म्हणजे ती बोलणी मी तुमच्यासाठी खाल्ली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आणि शोभा त्यानंतर वर्षानुवर्षं मला म्हणत राहिली, "दाजींना बघा, कसे ताठ चालतात." मी विचारलं, हे तरी का? तर म्हणाली, "दाजीच सांगायचे फोनवर. म्हणायचे, मास्तरला जरा डिवच. अन् दुसऱ्या दिवशी विचारायचे, काय म्हणाला? मी सांगायची, रात्रभर कूस बदलत होते. लई हसायचे हो."

मी तुमच्या खोलीत परत आलो. डॉक्टर अजून तिथंच होते. त्या माणसाशी बोलायची इच्छा नव्हती, पण माझा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारणार? म्हटलं, "सगळ्यांना माहीत होतं. मला एकट्यालाच का नाही? मी काय परका होतो?"

त्यांनी मोनोपॉड सरळ करून भिंतीला टेकवला. मग म्हणाले, "मी म्हटलं होतं एकदा. तलावाच्या उतारावर पडता पडता राहिले त्या दिवशी. म्हटलं, आता सांगून टाका तुमच्या साडूला, जवळचं माणूस हाय, हात तरी देईल. तर म्हणाले, न्हाई डॉक्टर. आता मला बघितलं की सगळे खुर्ची आणून ठिवतात. मास्तर एकटा ऱ्हायलाय, मला बघितलं की पोट आत घेणारा."

मी तिथंच तुमच्या कॉटवर बसलो.

बराच वेळ मला राग आला की रडू, हे ठरेना. तुम्ही खोटं ताठ चालायचात आणि मी खरं खरं जळायचो, असा तो धंदा होता. मी जळायचो म्हणून तुम्हाला आणखी चार पावलं टाकता यायची, हे मला आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं? साडूभाऊ, मी लगेच चांगला वागलो असतो. तुमची पिशवी घेतली असती. "सावकाश, सावकाश" म्हणालो असतो. देवणीच्या अंगणात मीसुद्धा खुर्ची आणून ठेवली असती. तुम्ही मला ओळखून होतात. मी दुष्ट कमी आणि बावळट जास्त, त्यामुळं माझ्या चांगुलपणाची तुम्हाला भीती वाटली असणार.

तरी एक सांगतो, कार्बनच चांगला. फोटो काढायला. हा वाद मी सोडलेला नाही. तो पाचवा सांधा पिळला असता तर कळशी पडली नसती, आणि मग मामी तुमच्यावरून लक्ष कसं काढणार होत्या ते बघितलं असतं.

निघायच्या वेळी अक्कानं तो मोनोपॉड बाहेर आणला. मला वाटलं, मला देणार. मी हातही पुढं केला होता. तिनं तो डॉक्टरांना दिला. म्हणाली, "दर रविवारी तुमीच व्हता." बरोबरच होतं तिचं. तरी मी लातुरापर्यंत एस्टीत तोंड फुगवून बसलो. शोभा म्हणाली, "आता तरी जळणं बंद करा." मी म्हणालो, "बिलोलीच्या माणसाला दिला!" ती खिडकीबाहेर बघून हसली आणि मग त्याच खिडकीबाहेर बघून रडली.

आता खरी गोष्ट, जी कुणाला बोललो नव्हतो. गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा गुडघा दुखतो. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे मी शाळेत सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा मी तुमच्यासमोर दोन दोन पायऱ्या गाळून खाली उतरलो होतो. तुम्ही खालून बघत होतात. तुमच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं, कारण आरशात मी ते नेहमी बघतो. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर जळालात. त्यानंतर आठ दिवस मला रात्री झोप लागली नाही, गुडघ्यानं, पण मी इतका खूश कधीच नव्हतो.

काल शोभानं विचारलं, "पाय का ओढताय?" मी सांगून टाकलं. ती लगेच खुर्ची घेऊन आली. मुलाचा पुण्याहून फोन आला, "बाबा, जिना चढू नका." शेजारचे कुलकर्णी तेल देऊन गेले. सगळे फार चांगले वागतायत, साडूभाऊ. ज्याच्यापासून लपवावं असं कुणी राहिलं नाही. तुम्हाला शेवटपर्यंत मी होतो.